एक नट, एक फोटोग्राफर आणि आमच्या घरातला सवाल

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोललो तसेच उतरवून काढले आहे, फक्त जिथे जीभ घसरली तिथे थोडे नीट केले आहे.)



कमिटीने मला विषय दिला 'कलेच्या क्षेत्रात आपली मुले'. विषय मोठा आणि बोलणारा लहान. मी नववी नापास माणूस. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गिरणीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेल्या पुस्तकांवर. साचेखात्यात उभे राहून ज्याचे कान गेले त्याने नाटकावर बोलावे, हे जरा अतीच झाले. पण मी हो म्हटले. त्याचे कारण घरातले आहे आणि ते मी लपवून ठेवणार नाही.

माझे थोरले दाजी एका महापालिकेत कायम सफाई कामगार होते. आधी झाडू, मग गटार. नोकरीत असतानाच दोन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने वारले. उतरताना तोंडाला रुमाल बांधत, तोही घरचा. ताई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि शेजारीपाजारी विचारले तर दाजी 'म्युनिसिपालटीत' आहेत एवढेच सांगायची. खोटे नव्हते ते, पण अर्धेच होते. मी सुद्धा गिरणीत कुणी विचारले तर तेवढेच सांगत आलो. वीस-बावीस वर्षे सांगत आलो.

आता त्यांच्या मागे सवाल आला तो वारसा हक्काचा. लाड-पागे समितीच्या शिफारशी आपल्यातल्या पुष्कळांना पाठ आहेत. सफाई कामगाराच्या वारसाला त्या जागेवर नोकरी मिळते. कायम नोकरी, पगार, भविष्य निर्वाह निधी सगळे. शिवाय दाजींना मिळालेली कामगार वसाहतीतली खोली. वारस लागला नाही तर ती खोली सोडावी लागणार. आणि वारस कोण? माझा भाचा. बी. कॉम. झालेला, चोवीस वर्षांचा. एकांकिका स्पर्धांत काम करतो. हप्त्याने जुना कॅमेरा घेतला आहे, लग्नाचे फोटो काढतो आणि लग्न नसले की रस्त्याचे काढतो. तो म्हणतो, मामा, मी झाडू धरणार नाही, मला हेच काम करायचे आहे. ताई म्हणते, हे काय काम आहे? आणि दोघे माझ्याकडे बघतात, कारण घरात पुस्तके वाचणारा मी.

मग मी माझ्या परीने शोध घेतला. मी दोन माणसे निवडली. एक नट, एक फोटोग्राफर. दोघे महाराष्ट्रातलेच. दोघांनी पोट कसे भरले, किती वर्षे वाट पाहिली आणि मिळाल्यावर काय केले, तेवढेच मला बघायचे होते. अभिनय कसा आणि कॅमेरा कसा, ते सांगायला हुशार लोक आहेत.

पहिला माणूस निळू फुले. मागे मुले हसली बघा. हसा, हसा. तुम्हाला त्यांची नक्कल तेवढी माहीत. कॉलेजच्या गॅदरिंगला कुणीतरी मान वाकडी करतो, आवाज खर्जात घालतो आणि टाळ्या घेतो. मी त्या नकलेच्या आधीचा माणूस सांगतो.

पुण्याला लष्कराचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या बागेत निळूभाऊ माळी होते. पगार ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा रुपये राष्ट्र सेवा दलाला द्यायचे, असे सांगतात. ऐंशीतले दहा म्हणजे किती, याचा हिशेब इथल्या बायका माझ्यापेक्षा लवकर करतील. नटाच्या धंद्यात उतरायला त्यांच्याकडे ना घराणे होते, ना रूप, ना शाळा. सेवा दलाचे कलापथक हीच शाळा. १९५७ च्या निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाच्या प्रचारासाठी त्यांनी लोकनाट्य लिहिले. म्हणजे स्टेजवर चढले ते मुळात चार लोकांना काही सांगायचे म्हणून.

पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे शंकर पाटलांचे लोकनाट्य आले आणि त्याने त्यांना गावोगाव नेले. माझे वडील गिरणगावात होते, त्यांनी ते पाहिले होते. रात्रपाळी बुडवून पाहिले होते. घरी आम्ही पोरे कशाला घाबरत नसलो की वडील त्यातल्यासारखा आवाज काढायचे आणि आई म्हणायची, पुरे, पोरगी झोपली आहे.

सिनेमा मिळाला १९६८ साली, अनंत मान्यांचा 'एक गाव बारा भानगडी'. तेव्हा निळूभाऊ चाळिशीला टेकले होते. भाच्याला मी हे मुद्दाम सांगितले. चाळिशीला! आमच्याकडे पोरगा पंचविशीला मोठा झाला नाही तर नातेवाईक त्याला वाया गेलेला म्हणतात.

मग १९७२ साली 'सखाराम बाइंडर'. विजय तेंडुलकरांचे नाटक, कमलाकर सारंगांनी बसवलेले, निळूभाऊ सखाराम आणि लालन सारंग चंपा. मी तेव्हा दोन वर्षांचा, त्यामुळे पाहिले म्हणून सांगणार नाही. वाचले मात्र आहे. पुस्तके बांधणारा एक माणूस, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणतो, आणि वर आपण किती खरे बोलतो याचा तोरा मिरवतो. सेन्सॉरने नाटक अडवले, सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. पुस्तकांना शिलाई घालणाऱ्या कामगाराचे घर स्टेजवर आले, त्याची शिवी स्टेजवर आली. पांढरपेशा प्रेक्षक हादरला तो फक्त अश्लीलतेने हादरला असे मला वाटत नाही. अशा घरात असेही चालते हे त्याला तिकीट काढून बघावे लागले.

आणि १९७४ चा 'सामना'. जब्बार पटेलांचा, लेखन पुन्हा तेंडुलकरांचे. हा मी टी. व्ही. वर पाहिला, चाळीत एकाच घरी टी. व्ही. होता तेव्हा, दारात उभे राहून. निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना त्यांचा, गाव त्यांचे, पोलीस त्यांचे. डॉ. श्रीराम लागू दारुडे मास्तर. हा मास्तर गावात येतो आणि एकच विचारत राहतो, मारुती कांबळे या माणसाचे काय झाले. पैसे घेतो, दारू पितो, पाटलाचे मीठ खातो आणि पुन्हा तेच विचारतो. कांबळे कोण, हे इथे सांगायची गरज नाही. आडनावावरूनच कळते.

तर त्या दिवशी दारात उभे असताना माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, सातारकडचे, गाव सोडून आलेले. ते सिनेमाभर गप्प होते. शेवटी एवढेच म्हणाले, "आमचा असाच होता. हसायचा पण असाच." मला तेव्हा कळले की नट काय काम करतो. त्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षांत आपल्या पाटलाबद्दल एक अक्षर काढले नव्हते. निळूभाऊंनी पाटील नुसता दुष्ट केला असता तर म्हाताऱ्याने तो ओळखला नसता. त्यांनी तो गोड बोलणारा केला, पाठीवर हात ठेवणारा केला.

गावोगावच्या बायका निळूभाऊंना शिव्या घालत, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. ती त्यांच्या कामाची पावती. पण इथे मी थोडे टोचून बोलणार आहे. सिनेमावाल्यांनी त्यांना पुढे तोच पाटील पुन्हा पुन्हा करायला लावला. शंभर सिनेमांत वाडा तोच, बाई दुसरी. त्यातले कितीतरी सिनेमे बायकांची विटंबना विकून चालले, हे आपण मान्य केले पाहिजे. पोटासाठी करावे लागते, मीही गिरणीत जे कापड विणले ते काय माझ्या आवडीचे होते? तरी सल राहतो. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये त्यांना पत्रकार दिगू करायला मिळाला आणि बघा माणूस काय करतो. मंत्री, दलाल, कामगार पुढारी, सगळ्यांच्या मधून हा साधा बातमीदार हिंडतो, सगळे बघतो, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. तीन वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर. माझे वडील त्यातलेच. घर कल्याणला आले ते त्या संपामुळे. वडील 'सिंहासन'चे नाव निघाले की म्हणायचे, त्या दिगूला आधीच कळले होते.

पैसा आल्यावर निळूभाऊंनी काय केले? हिंदी सिनेमे केले, 'कुली', 'सारांश'. आणि दुसरीकडे सेवा दल सोडले नाही, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत गेले, डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी उभे राहिले. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याला काही मानधन मिळावे म्हणून तो निधी. त्यासाठी या मोठमोठ्या नटांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. कार्यकर्त्यालाही पोट असते हे ज्यांच्या लक्षात आले त्यांत हे नट होते. आमच्या पुढाऱ्यांच्या अजून आले नाही. असो. १३ जुलै २००९ ला निळूभाऊ पुण्यात गेले.

आता 'सामना'तला कांबळे लक्षात ठेवा, कारण चाळीस वर्षांनी पडद्यावर दुसरा कांबळे आला. २०१४ चा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. इथे किती जणांनी पाहिला आहे? हात वर करा... पाच, सहा. आणि जयंतीच्या डी. जे. ला आपण वर्गणी किती काढली ते मी विचारत नाही. या सिनेमाला व्हेनिसला पारितोषिक मिळाले, आपल्याकडे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताकडून पाठवला गेला. त्यातला नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. स्टेजवर गाताना पोलीस त्याला धरतात. आरोप काय? याचे गाणे ऐकून एका मॅनहोल कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. गाणी आपल्या संभाजी भगतांची.

कांबळेचे काम केले नागपूरच्या वीरा साथीदारांनी. धंद्याने नट नव्हे. 'विद्रोही' मासिकाचे संपादक, गाणी लिहिणारे, वस्तीत काम करणारे. म्हणून ते कोर्टात उभे राहतात तेव्हा उभे राहिल्याचे नाटक करत नाहीत. समोर सरकारी वकील म्हणून गीतांजली कुलकर्णी, ती रंगभूमीवरची कसलेली नटी, आणि तिचे घर, तिचा स्वयंपाक, पोराला शाळेतून आणणे सगळे दाखवले आहे. ती वाईट बाई नाही, हेच तर भयंकर आहे. साथीदार १३ एप्रिल २०२१ ला नागपुरात कोरोनाने गेले. जयंतीच्या आदल्या दिवशी.

त्या सिनेमात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष द्यायला येते. ती सांगते, नवरा उतरायच्या आधी झुरळे बघायचा. झुरळ हलताना दिसले तर आत हवा आहे. वास सहन होत नाही म्हणून दारू प्यायचा. एक डोळा गेला होता गॅसने. ना मास्क, ना पट्टा. ती हे बाजारभाव सांगावा तसे सांगते. मी सिनेमा भाच्याच्या लॅपटॉपवर पाहिला, ताई शेजारी भाजी निवडत बसली होती. झुरळांचे वाक्य आले आणि ताईचा हात थांबला. ती म्हणाली, "हे पण करायचे." दाजी गेल्यानंतर पहिल्यांदा ती त्यांच्या कामाबद्दल बोलली. मग अर्धा तास बोलत राहिली. भाच्याने सिनेमा बंद केला. आम्ही तिचेच ऐकले.

आता फोटोग्राफर. सुधारक ओलवे. जन्म अकोल्याचा, १९६६ सालचा, म्हणजे माझ्या आगेमागेचाच माणूस. १९८८ पासून मुंबईच्या वर्तमानपत्रांत फोटोग्राफर. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर म्हणजे पुढाऱ्यांचे हार, नटनट्यांच्या पार्ट्या, पावसात तुंबलेले रस्ते. पोट त्यावर. आणि त्या पोटाच्या धंद्याबरोबर ओलवे मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढत राहिले. एक दिवस जाऊन चार फोटो नव्हे. वर्षानुवर्षे. कचऱ्याच्या गाडीबरोबर, डंपिंग ग्राउंडवर, मॅनहोलच्या तोंडाशी आणि त्यांच्या घरात. काळे-पांढरे फोटो. त्या कामावर २००५ साली नॅशनल जिओग्राफिकच्या ऑल रोड्स स्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले, फोटो लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टनला लागले. २०१३ ला पुस्तक निघाले. २०१६ ला पद्मश्री. फोटोग्राफी प्रमोशन ट्रस्ट काढला. पुढे अत्याचारग्रस्त दलित कुटुंबांच्या घरी जाऊन फोटो काढले.

त्यांचे फोटो मी पाहिले आणि आधी मला रागच आला. खरे सांगतो. छातीपर्यंत घाणीत बुडालेला माणूस, फक्त डोके आणि खांदे वर. मला वाटले, हे कशाला दाखवायचे? आपण पांढरा शर्ट घालून इथे येतो, मुलांना टाय लावून शाळेत पाठवतो, आणि हा गृहस्थ आपली घाण साऱ्या जगाला दाखवतो. मी पुस्तक मिटले. दोन दिवसांनी पुन्हा उघडले. मग मला दिसले की त्या माणसाची नजर कॅमेऱ्याकडे आहे. तो लपत नाही. लपतो ते मी. 'म्युनिसिपालटीत आहेत' म्हणणारा मी.

आणि दुसरी गोष्ट. त्या पुस्तकात कामगार नुसता गटारात नाही. तो घरी आहे, बायको आहे, मुले आहेत, दारूची बाटलीही आहे. दाजींचा आमच्याकडे एकही कामावरचा फोटो नाही. लग्नातला आहे, ताईच्या शेजारी टोपी घालून. मतदार ओळखपत्रावरचा आहे. तोच मोठा करून आम्ही हार घातला. तीस वर्षे ज्या कामात गेली त्या कामातला एक फोटो नाही. माझाही साच्यापुढचा फोटो नाही. गिरणी बंद झाली तेव्हा गेटवर पत्रकार आले होते, त्यांनी पुढाऱ्यांचे काढले.

आता तुम्ही विचाराल, फोटो काढून काय झाले? हा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. फोटोने कुणी कायम झाला नाही. मुंबईत कंत्राटी सफाई कामगार कायम झाले ते युनियनमुळे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे कोर्टात लढून २०१७ साली सुप्रीम कोर्टात २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल टिकवला. बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगारांची युनियन काढली होती, नुसती व्याख्याने दिली नव्हती. हाताने मैला उचलायला बंदी करणारा कायदा १९९३ ला झाला, मोठा कायदा २०१३ ला. २०१४ ला सुप्रीम कोर्ट म्हणाले, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ ला म्हणाले, तीस लाख द्या. कागदावर माणसाची किंमत वाढत गेली.

आणि जमिनीवर काय? लांब जायला नको. २०१८ च्या ऑक्टोबरात आपल्या डोंबिवलीत खंबाळपाड्याला चेंबरमध्ये उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. थोड्याच दिवसांनी कल्याण पूर्वेला नेतिवलीच्या एका विहिरीत पाच जण मेले. आधी उतरलेल्यांना काढायला अग्निशमन दलाचे जवान उतरले, त्यातले दोघे गेले. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीला एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तिघे. मी ही गावे मुद्दाम घेतो, कारण आपल्याला वाटते गटारातली माणसे मुंबईत नाहीतर यू. पी. त मरतात. नेतिवली या हॉलपासून रिक्षाने किती? आणि त्या मेलेल्यांचे तोंड तुमच्यापैकी कुणाला आठवते का? पेपरात चेंबरचा फोटो आला होता, भोवती जमलेल्या गर्दीचा आला होता.

म्हणून मी फोटोला कमी लेखत नाही. युनियनच्या फाइलमध्ये कामगार हा नंबर असतो. मी स्वतः युनियनची कामे केली आहेत, मला माहीत आहे. कोर्टात तर तो 'अर्जदार क्रमांक अमुक' असतो. ओलव्यांनी त्याला चेहरा दिला. चेहऱ्यावर पगार मिळत नाही हे कबूल. पण चेहरा नसला की पगार मागायला कोण उभा राहणार?

आता येतो आमच्या घरातल्या सवालाकडे. मी भाच्याला बसवले आणि म्हटले, बघ, निळूभाऊ बागेत माळी होते. ओलवे वर्तमानपत्रात नोकरीला होते. दोघांच्या घरी महिन्याला काहीतरी येत होते आणि त्या आधारावर त्यांनी आपले काम केले. उपाशी राहून कला करा असे सांगणारे लोक बहुधा जेवून आलेले असतात. तेव्हा नोकरी घे, खोली वाचव, आईला रस्त्यावर आणू नकोस, आणि संध्याकाळी तालमीला जा. ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. आपल्या वडिलांच्या काळात यातले काय होते?

तो माझे सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, "मामा, माळीकाम निळू फुलेंना त्यांच्या बापाच्या मरणाच्या बदल्यात मिळाले होते का?"

मला उत्तर आले नाही. अजून आलेले नाही. बागेत पाणी घालणारा माळी उद्या दुसरे काही करू शकतो. झाडू हातात आला की तो नोकरी म्हणून येत नाही, तो कुळ म्हणून येतो. पहिल्या दिवशी मुकादम विचारतो, कुणाचा रे तू? दाजी शेवटच्या आजारात ताईला म्हणाले होते, हा झाडू माझ्यापाशी थांबू दे. ताईने हे मला सांगितले आणि त्याच दमात म्हणाली, पण खोली?

दोघांचे खरे आहे. ज्यांना वाटते की स्वाभिमानाचा एकच मार्ग आहे त्यांनी दहा बाय बाराच्या त्या खोलीत एक महिना राहून दाखवावे. आणि ज्यांना वाटते सरकारी नोकरी म्हणजे सगळे मिळाले, त्यांनी एकदा चेंबरचे झाकण उघडून वाकून बघावे. मी युनियनमध्ये असतो तर ठामपणे काही सांगितले असते. मामा म्हणून सांगता येत नाही. मी एवढेच पाहिले आहे की वारसांचे अर्ज लिहिता लिहिता आपल्या शिकलेल्या मुलांपैकी किती जण गुपचूप त्या जागेवर गेले आणि आता इथे येत नाहीत. ते इथे का येत नाहीत? आपण त्यांच्याकडे बघून काहीतरी करतो म्हणून. नटाला हार घालतो, फोटोग्राफरला पद्मश्री मिळाली की फलक लावतो, आणि आपलाच झाडूवाला शेवटच्या रांगेत बसतो.

कमिटीला माझी एक तक्रार आहे, रागावू नका. गेल्या वर्षी आपल्या मुलांनी बसवलेल्या एकांकिकेला हॉलमध्ये अकरा माणसे होती. मी मोजली. त्यात चार त्यांच्या आया. तिकीट वीस रुपये होते. आपल्या मुलांनी कलेत जावे असे वाटत असेल तर वीस रुपये काढून खुर्चीवर बसणारी माणसे आधी लागतील. निळूभाऊंना लोकनाट्याला गर्दी मिळाली म्हणून निळूभाऊ झाले. ती गर्दी गिरणी कामगारांची होती, रात्रपाळी बुडवून आलेली.

अर्जाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. कागदपत्रे तयार आहेत. माझ्या घरी पिशवीत आहेत. वारस दाखला, बाकीच्या भावंडांची नाहरकत, दाजींचे मृत्यू प्रमाणपत्र, सगळे. फक्त अर्जावर त्याची सही नाही. मी त्याला सही कर असेही म्हटले नाही आणि पिशवी परतही केली नाही.

तो आत्ता इथेच आहे. तो बघा, खांबाशेजारी, कॅमेरा घेऊन. आजच्या कार्यक्रमाचे फोटो तोच काढतो आहे, कमिटीने त्याला पाचशे रुपये कबूल केले आहेत आणि ते आजच द्यावेत ही विनंती.

आणखी एक सांगायचे आहे, ते त्याच्या वतीने. त्याला आपल्या भागातल्या सफाई कामगारांचे फोटो काढायचे आहेत. कायम, कंत्राटी, रिटायर झालेले, बाया, पुरुष. कामावरचे आणि घरातले, दोन्ही. पैसे घेणार नाही, एक प्रत घरी आणून देणार. ज्यांची हरकत असेल त्यांचा काढणार नाही. बाहेर चपलांच्या शेल्फजवळ टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांना फोटो द्यायचा आहे त्यांनी नाव, पत्ता आणि पाळीची वेळ लिहावी. पहिले नाव माझ्या ताईने लिहिले आहे, दाजींचे. त्यांचा फोटो काढता येणार नाही. त्यांची बादली, रुमाल आणि गमबूट घरात आहेत, त्यांचाच काढ म्हणाली.

जयभीम.